पात्रातली दोन भोकं: सीनेच्या डोहात ड्रिलिंगचं मशीन न्यायचं कसं?

सीनाकाठी | ५ जानेवारी, रात्री १०.१०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडलोय म्हणून लिहितो.

मोहोळ तालुक्यात सीनेवर एका गावरस्त्याच्या पुलासाठी माती-खडक तपासणीचं काम घेतलंय. गावाचं आणि खात्याचं नाव देत नाही. एकूण सहा भोकं. काठांवरची दोन आणि काठालगतच्या पिअरची, म्हणजे पुलाच्या खांबांची, दोन मारून झाली. राहिली पात्रातली दोन, पी-२ आणि पी-३, आणि पूल उभा राहायचा तो त्यांच्याच जिवावर.

जागा अशी आहे. खालच्या अंगाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, टाकलेत, त्यामुळे पाणी तुंबलंय. परवा थर्माकोलच्या तुकड्यावर बसून एका पोरानं बांबू टाकून पाहिला. पी-२ला पावणेतीन मीटर पाणी, पी-३ला सव्वाचार. पी-३च्या जागी वाळूवाल्यांनी केलेला खड्डा आहे, तिथं मूळचा तळ राहिलेलाच नाही. दोन्ही काठांना ऊस. उजव्या काठाला निदान उतार तरी आहे. डावा काठ गेल्या सप्टेंबरच्या पुरात कापून गेला, आता साडेपाच मीटरची सरळ भिंत उभी आहे. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला होता, तोच २०२५चा पूर. बाभळीच्या शेंड्याला अजून पाचट आणि प्लास्टिक लटकतंय.

मशीन साधंच आहे, स्किडवरचं रोटरी. सुटं करून ट्रॉलीत मावतं. सगळ्यात जड नग म्हणजे इंजिन, साडेतीनशे किलोचं. मशीन, पंप, रॉड, केसिंग (भोकात उतरवायचा लोखंडी पाइप), तिकटी आणि पाच माणसं धरून अडीच टन होतात. फळ्या-बल्ल्यांचे सातशे किलो धरले की बत्तीसशे.

डोक्यात पिंपांचा तराफा आहे. दोनशे लिटरचं लोखंडी पिंप पूर्ण बुडालं तर दोनशे किलो उचलतं, त्याचं स्वतःचं वजन वीसएक किलो, म्हणजे हाताशी १८०. त्यातली निम्मीच उचल वापरायची ठरवली तर ९०. बत्तीसशेला नव्वदनं भागलं की ३६ पिंपं. हिशेब बरोबर आहे का? आणि पाण्यावरून भोक मारताना कुठं फसायला होतं, ते ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

हुरडापार्टी | ५ जानेवारी, रात्री १०.२५

सगळं सोड बे. पाणी लागलं का?

सीनाकाठी | ५ जानेवारी, रात्री १०.३१

झालं सुरू. अहो, काठावरच्या भोकांना तीन दिवस लागले आणि तीन दिवसांत चाळीस माणसांनी हेच विचारलं. एका आजोबांना सांगितलं, आम्ही पाणी शोधत नाही, दगड शोधतोय. ते म्हणाले, "दगडाला काय कमी हाय का सोलापुरात?"

खडी_डांबर | ५ जानेवारी, रात्री ११.०२

भाऊ, एवढा कुटाणा कशाला? दोन्ही काठांना खडक किती खोल लागला ते आहे ना तुमच्याकडं? मधे रेघ ओढा. पी-२, पी-३चा लॉग, म्हणजे भोकाची खोलीवार नोंद, कार्यालयात बसून होतो. सगळे तेच करतात. चारशे फुटांत दगड कुठं पळून जातोय?

बंधाराकाका | ६ जानेवारी, सकाळी ६.४०

खडी_डांबर यांच्या प्रतिसादामुळे लॉगिन करावं लागलं. जलसंपदा खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली माझी.

दगड पळून जात नाही, नदी जाते. आज ती जिथून वाहते तिथूनच कायम वाहत होती असं कुणी सांगितलं? जुनं पात्र खडकात कोरलेलं असतं, गोटे आणि गाळानं बुजलेलं असतं, आणि वरून बघणाऱ्याला सपाट वाळू दिसते. आमच्या एका कामावर दोन्ही काठांना सहा मीटरवर पक्का खडक होता. मधलं भोक पाण्यात होतं म्हणून कुणीतरी असंच रेघेवर भागवलं. पाया खणायला घेतला तर सहाला गोटे, आठला गोटे, दहाला गोटे. खडक तेराला. तो हंगाम गेला, पायाचं डिझाइन बदललं, आणि आधीच्या लॉगवर ज्याची सही होती तो साहेब पुढं वर्षभर खुलासेच लिहीत होता. सही माझी नव्हती, पण त्या लॉगवर विश्वास ठेवून खणायला लावणारा मीच.

आता सीनाकाठी, तुमच्याकडं वळतो. तुमच्या हिशेबात वजन आहे, ओढ नाही. वाळूत अडकलेली केसिंग उपटायला विंच लावाल तेव्हा दोन टनांची ओढ सहज पडते. जमिनीवर ती तिकटीच्या पायांतून जमिनीत जाते. पाण्यावर तिकटी तराफ्यावर उभी असते. केसिंग वर यायच्या ऐवजी तराफाच खाली जातो, आणि भोक मधोमध नसेल तर एकच कोपरा जातो. माणसं पडतात ती तेव्हा. पिंपं ४८ करा. मधे चौकोन मोकळा सोडा, भोक त्यातूनच मारा, तिकटीचे तिन्ही पाय त्या चौकोनाभोवती सारख्या अंतरावर घ्या. आणि केसिंग तराफ्याला बांधू नका, काही झालं तरी. केसिंग नदीच्या तळाची, तराफा पाण्याचा. दोघांची गाठ मारली की पाणी हललं की काहीतरी मोडतं.

मुंबईकर_खाडी | ६ जानेवारी, सकाळी ९.१५

आमच्याकडे खाडीत जॅकअप वापरतात. चार पाय तळावर टेकवून प्लॅटफॉर्म पाण्याच्या वर उचलतात, लाटांचा प्रश्नच येत नाही. ते का नाही बघत?

सीनाकाठी | ६ जानेवारी, सकाळी ९.५०

बघितलं असतं हो. पण माझ्या जागेवर परवा उसाचा रिकामा ट्रॅक्टर रुतला, तो काढायला दुसरा आणला, तो पण रुतला. जॅकअप येणार कुठून, आकाशातून?

काका, ओढीचं डोक्यातच आलं नव्हतं. ४८ करतो. मोठे उपकार.

खडी_डांबर | ६ जानेवारी, सकाळी ११.२०

काका, तुमच्या काळी खात्याकडं वेळ होता, पैसा होता. आता पात्रातल्या भोकाला आणि काठावरच्या भोकाला निविदेत मीटरमागं एकच दर असतो. तराफा बांधायचा खर्च कुठल्या बाबीत दाखवायचा सांगा. मी चुकीचं करा म्हणत नाही. का होतं ते सांगतोय.

बंधाराकाका | ६ जानेवारी, सायंकाळी ७.०५

हे मात्र खरं बोललात. पात्रातल्या भोकाला, तराफ्याला, वाट करण्याला वेगळी बाब हवी. ती नसली की प्रामाणिक माणूस तोट्यात जातो आणि रेघ ओढणारा फायद्यात. मी नोकरीत असताना अंदाजपत्रकात ही बाब दोनदा घातली होती. एकदा राहिली, एकदा वरून खोडून आली.

मळईवाला | ६ जानेवारी, रात्री ८.३०

माझी पण जमीन सीनाकाठची आहे, दुसऱ्या गावात. शेतकऱ्याच्या बाजूनं दोन गोष्टी. उसातनं वाट पाडणार असाल तर तोडीची तारीख विचारा आधी. कारखान्याची टोळी येणार असेल तर आठ दिवस थांबा, फड मोकळा झाला की मशीन बिनबोभाट जाईल. तोड लांब असेल तर जेवढ्या सऱ्या मोडाल तेवढ्याचे पैसे टनाच्या भावानं मोजा, आणि मोजायचे ते आधी. नंतर देतो म्हणून गेलेली माणसं आम्ही बघितलीत.

दुसरं म्हणजे रान भिजलेलं नसताना जा. काळी माती वाळली की भेगा पडतात पण वजन धरते. एक पाणी दिलं की तिचं लोणी होतं. शेतकऱ्याला सांगा, वाटेच्या सऱ्यांना या पाळीत पाणी देऊ नको. ऐकतो तो, नीट सांगितलं तर.

आणि लाइफ जॅकेट. २०२४च्या मे महिन्यात उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीच्या मधे बोट उलटली, सहा माणसं गेली. वावधान आलं आणि झालं. पोहता येतं म्हणून कुणी सांगू नये.

वायरमन_मोहोळ | ६ जानेवारी, रात्री ९.१०

वरच्या सगळ्यांना नमस्कार. पाण्यातल्या केबलींबद्दल कुणीच बोललं नाही.

तुंबलेल्या पाण्याच्या दोन्ही काठांना मोटारी असतात, एकाच्या दहा. केबली पाण्यातनं, चिखलातनं, झुडपातनं. निम्म्यांना जोड असतात आणि जोडावर काळी टेप. तुम्ही लोखंडी तराफा, लोखंडी केसिंग, लोखंडी दोर घेऊन मधे जाणार. आधी लाइनमनला घेऊन काठ चालून बघा, कुठली केबल कुणाची ते. दोर बांधायच्या जागेजवळची काढायला लावा. आणि पात्रावरनं ११ केव्हीची तार जाते का ते बघा. तिकटी उभी करताना वर बघायला कुणाला सुचत नाही.

अजून एक. लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम चालू होतात. चार-सहा तासांत पाणी बोटभर-दोन बोटं उतरतंय. तुमच्या मापाला फरक पडत असेल तर बघा.

कोअरबाई | ७ जानेवारी, दुपारी १.४५

वायरमनदादांच्या शेवटच्या ओळीवर मी गेली पंधरा वर्षं लोकांशी भांडतेय. फरक पडतो! पात्रातल्या लॉगमधल्या निम्म्या चुका तिथूनच येतात. ड्रिलर खोली मोजतो तराफ्याच्या फळीपासून. फळी सकाळी एका उंचीला, संध्याकाळी दुसऱ्या. बंधाऱ्याचा एखादा बरगा कुणी रात्री काढला की सकाळी फूटभर खाली. आणि लॉगमध्ये तळ सगळीकडे 'शून्य' लिहिलेला.

भूशास्त्राचं शिकवते आणि कोअर, म्हणजे भोकातून निघालेले दगडाचे दांडके, बघते, त्या जोरावर तीन गोष्टी सांगते.

केसिंग तळात रोवून पक्की झाली की तिच्या डोक्याची पातळी काठावरून ऑटोलेव्हलनं घ्या. काठावर न हलणारी खूण धरा, देवळाची पायरी असली तर उत्तम. पुढचं प्रत्येक माप केसिंगच्या डोक्यापासून. तराफा काय करायचं ते करो.

वाळूत एसपीटी, म्हणजे घणाच्या ठोक्यांची चाचणी, घेताना केसिंगमधलं पाणी नदीच्या पातळीपेक्षा वर ठेवा. ते खाली गेलं की बाहेरचं पाणी तळातून आत घुसतं आणि वाळू घेऊन उसळतं. मग ६३.५ किलोचा घण ७५ सेंमीवरून पाडून तुम्ही मोजता ती सैल झालेली वाळू, नदीची नव्हे. पहिल्या १५ सेंमीचे ठोके सोडून द्यायचे, पुढच्या ३०चे मोजायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. केसिंगमधल्या पाण्याकडे कुणी बघत नाही. आणि गोटा लागून ठोके वाढले तर तसं लिहा. ती वाळू घट्ट आहे असं त्यावरून ठरत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. परतीच्या पाण्याचा रंग. आपला दख्खनचा बेसाल्ट म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर, आणि दोन थरांच्या मधे बऱ्याचदा लाल मातीचा पट्टा असतो. विहीर खोदणारे त्याला गेरू म्हणतात, आम्ही रेड बोल. सुका असताना नखानं खरवडेल इतपत कडक, पाण्यात भिजला की चिखल. साध्या सिंगल ट्यूब बॅरलमध्ये, म्हणजे कोअर धरणाऱ्या एकेरी नळीत, तो धुऊन जातो. बॉक्समध्ये वरचा कडक तुकडा आणि खालचा कडक तुकडा शेजारी शेजारी बसतात आणि मधलं अर्धा मीटर गायब. डबल ट्यूबच वापरा, आणि पंपानं सोडलेलं पाणी भोकातून परत वर येतं तिथं एक माणूस बसवा. पाणी राखाडी आहे तोवर बेसाल्ट. लाल झालं की थांबा, खोली लिहा, पाण्याचा दाब कमी करा.

हुरडापार्टी | ७ जानेवारी, दुपारी २.१०

ताई, तुमच्या वर्गात ॲडमिशन मिळतंय का? फी शेंगाचटणीत चालेल का?

कोअरबाई | ७ जानेवारी, दुपारी २.३०

कुठल्या चटणीची आहे त्यावर ठरेल. मिक्सरवरची असेल तर वर्गाबाहेर उभं राहायचं.

सीनाकाठी | ११ जानेवारी, रात्री ९.४०

उशिराबद्दल माफी, चार दिवस श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

मळईवाल्यांनी सांगितलं तसं केलं. उजव्या काठाच्या मालकाकडं जाऊन बसलो, चहा झाला, तोडीची तारीख विचारली. फेब्रुवारी अखेर. तेवढं थांबता येत नव्हतं. अकरा सऱ्या मोडल्या, पैसे आधी दिले. त्यांनीच मग टोळीवाल्यांच्या दोन बैलगाड्या मिळवून दिल्या. ट्रॅक्टर रुतला त्या वाटेनं बैल सरळ चालत गेले. इंजिन गाडीतून काठावर, तिथं बाभळीला चेनकुप्पी अडकवून खाली. बाभूळ करकरली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, पण तिनं धरलं.

पिंपं ऑइलवाल्याकडून आणली. आत चिकट तेल होतं. आमचा एक हेल्पर ती नदीतच धुवायला निघाला होता, त्याला थांबवलं. खालच्या गावाची पाण्याची विहीर बंधाऱ्याच्या कडेला आहे. गॅरेजवर धुऊन घेतली, दोन दिवस त्यात गेले. निलगिरीच्या बल्ल्या, सेंट्रिंगच्या फळ्या, नायलॉनचा दोर. तराफा साडेपाच बाय पाच मीटरचा झाला. चार कोपऱ्यांना चार दोर, दोन या काठाला, दोन त्या काठाला, वरच्या अंगाचे लांब आणि तिरके.

वायरमनदादा, लाइनमनला घेऊन काठ फिरलो. चौदा केबली. त्यातली एक कुणाचीच नव्हती आणि तिच्यात करंट होता.

काका, एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी वाळूवाले समजून गावातल्या पोरांनी तराफ्याचे फोटो काढून वर पाठवले. तलाठी भाऊसाहेब आले. परवानगीचं पत्र दाखवलं, ते म्हणाले बरोबर आहे, पण वाळूचे नमुने किती नेणार? मी म्हटलं, अर्धा अर्धा किलोच्या सात पिशव्या. ते हसायला लागले.

खडी_डांबर | ११ जानेवारी, रात्री १०.१५

मानलं भाऊ तुम्हाला. खर्च किती आला ते खासगीत सांगा.

बंधाराकाका | १२ जानेवारी, सकाळी ६.२०

खासगीत नको, इथंच सांगा. पुढच्या माणसाला दर भरताना उपयोगी पडेल.

सीनाकाठी | १२ जानेवारी, रात्री ९.००

काम संपलं की बिलांसकट टाकतो, शब्द देतो.

आज पी-२ झालं. तळाला वाळू-गोटा मिळून एक मीटर साठ. एसपीटीचे ठोके ६, ९, १४, शेवटच्या दोनांची बेरीज म्हणजे एन २३, शेवटच्या टप्प्यात गोटा होता तसं लिहिलंय. मग दोन मीटर मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे मऊसर खडक, त्याखाली काळा पक्का. निविदेप्रमाणं पक्क्या खडकात तीन मीटर गेलो. केसिंग उपटताना तराफा वीतभर खाली गेला, सारखा गेला. छत्तीस पिंपांवर असतो तर आज हा प्रतिसाद लिहीत नसतो.

काल रात्री कुणीतरी बंधाऱ्याचा बरगा हलवला. सकाळी पाणी ३८ सेंमी खाली. कोअरबाई, तुमची आठवण काढली. देवळाच्या पायरीवरून केसिंगचं डोकं घेतलेलं होतं म्हणून निर्धास्त होतो. पण दोर मात्र सैल पडले आणि वाहून आलेल्या जलपर्णीची एक गादीच्या गादी वरच्या दोराला येऊन बसली. ती ओढून काढण्यात सकाळ गेली.

आता तीन-चार दिवस काम बंद. दोन हेल्पर सोलापूरचे, गड्ड्याच्या यात्रेला गेले. नंदीध्वजाच्या मिरवणुकीला नाही गेलं तर घरात घेणार नाहीत म्हणे. मी पण अडवलं नाही.

हुरडापार्टी | १२ जानेवारी, रात्री ९.२०

बरोबर आहे की. सिद्धेश्वरापुढं खडकाच्या प्रतीचा तो आरक्यूडी काय चीज आहे.

सीनाकाठी | १९ जानेवारी, रात्री ११.३०

पी-३. बसून लिहितोय, कारण हात अजून थरथरतायत, पंपाच्या हादऱ्यानं आणि दुसऱ्याही एका कारणानं.

सव्वाचार मीटर पाणी. तळाला वाळू नाहीच, वाळूवाल्यांनी नेली. चाळीस सेंमी काळा गाळ, मग मुरूम. एक मीटर दहाला खडखडाट झाला, बिट चढलं, पाणी राखाडी. सत्तर सेंमी अखंड कोअर आला, ५४ मिलिमीटर जाडीचा, काळा कुळकुळीत, हातात घेतला तर थंडगार. ड्रिलर म्हणाला, साहेब लागला खडक, तीन मीटर मारू आणि उद्या घरी. मी पण खूश.

पुढच्या रनला, म्हणजे बॅरल पुन्हा उतरवून मारताना, रॉड एकदम सुटले. वीतभर आपोआप खाली. बॅरल काढलं तर पिवळट मुरूम, आणि त्या मुरमात कांद्याच्या पापुद्र्यासारखे वाकडे पदर. तो खडक नव्हता. मुरमात पडलेला मोठा गोटा होता, चारी बाजूंनी झिजून मधे राहिलेला. सत्तर सेंमीवर थांबलो असतो तर पाया त्या गोट्यावर बसला असता.

पक्का काळा लागला चार मीटरला. तळापासून म्हणतोय, पाण्यापासून नाही. त्यात सरळ गेलो. सात मीटरला नियमाप्रमाणं तीन मीटर पुरे होत होते. पाच वाजले होते, ऊन उतरलेलं, ड्रिलर रॉड काढायच्या तयारीत. माझा एक पोरगा परतीच्या पाण्याजवळ बसवलेला होता, तोंडात विमल, डोळे मोबाइलमध्ये. मीच म्हटलं, अजून एक रन मारू, पात्रातलं भोक पुन्हा मारायला कोण येतंय. सात मीटर तीसला तो पोरगा ओरडला, "साहेब, रगात!"

पाणी लालभडक. तराफ्याच्या कडेनं नदीत उतरत होतं, आणि संध्याकाळच्या पाण्यात लाल पट्टा वाहत बंधाऱ्याकडं चालला होता. काठावरची माणसं उठून उभी राहिली.

पंप कमी केला, खोली लिहिली. डबल ट्यूबमध्ये गेरू चाळीस सेंमीपैकी एकतीस हाती आला. भिजलेला, बोट घातलं तर बोट आत जातंय. त्याखाली पांढऱ्या-हिरवट ठिपक्यांचा सच्छिद्र खडक, दुसरा थर.

काठावरच्या भोकांत हा पट्टा लागला नाही, कारण ती भोकं त्या पातळीच्या वरच संपली. पातळ्या लावून बघितल्या.

कोअरबाई | २० जानेवारी, सकाळी ८.०५

वा! चाळीसपैकी एकतीस म्हणजे तुमच्या ड्रिलरला माझ्यातर्फे चहा. तो नमुना लगेच मेण लावून बंद करा, सुकू देऊ नका. वाळला की तो पुन्हा दगडासारखा दिसतो आणि कार्यालयातला माणूस म्हणतो, यात काय झालं? जमलं तर एक तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकून व्हिडिओ काढा. अर्ध्या तासात बसतो तो. बारा पानांच्या अहवालापेक्षा ग्लास लवकर पटतो.

सच्छिद्र खडकातले पांढरे ठिपके बहुधा झिओलाइट. खडक म्हणून वाईट नसतो तो, पण काळ्याइतका समजू नका.

बंधाराकाका | २० जानेवारी, सकाळी ८.४०

पी-२लाही आणखी खाली जायला हवं होतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

सीनाकाठी | २० जानेवारी, सकाळी ९.१०

आलंय काका. रात्रभर तेच. पी-२ त्या पातळीच्या दीड मीटर वर थांबलंय. तराफा अजून पाण्यात आहे, परत नेतो. मीटर वाढतील त्याचे पैसे मिळतील का, ठाऊक नाही. पत्र दिलंय.

खडी_डांबर | २० जानेवारी, दुपारी १२.३०

पत्राची पोच घ्या. आणि शेरा मारून घ्या. बाकी मी काही बोलत नाही, माझ्या दोन जुन्या लॉगांची आठवण येतेय.

सीनाकाठी | २४ जानेवारी, रात्री ८.५०

पी-२ परत नेऊन खोल केलं. तिथंही गेरू, पस्तीस सेंमी, पातळी पी-३पेक्षा वीस सेंमी वर. डिझाइनवाल्यांना ग्लासाचा व्हिडिओ पाठवला, त्यांचा फोन दहा मिनिटांत आला. पायाची पातळी आता तेच ठरवतील. वाढीव मीटरवर अजून उत्तर नाही. तराफा सोडला. पिंपं उजव्या काठाच्या मालकानं निम्म्या भावात घेतली, बैलांच्या पाण्याला. खर्चाचा तक्ता उद्या टाकतो.

एक वेगळाच तिढा झालाय. कोअर बॉक्स सध्या त्याच मालकाच्या ओसरीत आहेत. त्यांच्या आईनं, वय ऐंशीच्या पुढं, पी-३च्या पेटीतला बावीस सेंमीचा तुकडा उचलला, हातात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो द्या मला. चटणी वाटायला बरा हाय. आमचा वरवंटा पुरात गेला." माप बघता खरंच वरवंट्यासारखा आहे, गुळगुळीत, मुठीत बसतो.

कोअरबाई | २४ जानेवारी, रात्री ९.०५

दिला नाहीत ना?! त्या रनचे आकडे काय आहेत?

सीनाकाठी | २४ जानेवारी, रात्री ९.१२

दीड मीटरचा रन. दहा सेंमीच्या वरचे तुकडे २२, १९, १७, १४, १३, ११. बेरीज ९६, दीडशेतले ९६ म्हणजे आरक्यूडी ६४ टक्के.

कोअरबाई | २४ जानेवारी, रात्री ९.१५

तो काढला की ७४. म्हणजे ४९. 'बरा' खडक एका चटणीपायी 'कमकुवत' झाला.

हुरडापार्टी | २४ जानेवारी, रात्री ९.१८

ताई, वर्गाबाहेर उभा राहून विचारतो. ही चटणी वरवंट्यावरची आहे, ही तरी चालेल का?

सीनाकाठी | २४ जानेवारी, रात्री ९.३०

त्यांना सांगितलंय की साहेबांनी पेटी तपासून सही केली आणि पेट्या ठेवायची मुदत संपली की बघू. त्यांनी मुदत किती विचारली. मी म्हटलं, पूल होईपर्यंत. त्या म्हणाल्या, "मंग माझ्या सुनंला द्या."